ठिणगी आणि उष्णतेची वाट : नायट्रसच्या इंजिनातील स्पार्क प्लगचा इतिहास

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाच्या डोक्यात बसवलेला स्पार्क प्लग एकाच वेळी दोन कामे करतो. हजारो व्होल्टचा दाब अंगावर घेऊन दोन इलेक्ट्रोडांमधल्या फटीत ठिणगी पाडणे हे त्याचे पहिले काम सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या ठिणगीने पेटलेल्या ज्वाळेत स्वतः उभे राहून अंगात शिरलेली उष्णता सिलिंडरच्या धातूकडे पोहोचवत राहणे, हे दुसरे काम सहसा ध्यानात येत नाही. यांपैकी पहिल्या कामातील मुख्य अडचणी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच सुटल्या. दुसऱ्या कामाचा प्रश्न मात्र कधीच कायमचा मिटला नाही, कारण सिलिंडरमध्ये अधिक प्राणवायू कोंबण्याची नवी युक्ती निघाली की आदल्या पिढीचा प्लग निकामी ठरत गेला. नायट्रस ऑक्साइड या वायूच्या साहाय्याने गाडीची ताकद काही सेकंदांपुरती वाढवण्याची प्रथा ही या मालिकेतील सर्वांत ठळक घटना होय, आणि अशा इंजिनासाठी प्लग कसा निवडावा याचे आज रूढ झालेले नियम समजून घ्यायचे तर प्लग आणि वायू या दोहोंचा पूर्वेतिहास एकत्र पाहावा लागतो.

विजेच्या ठिणगीने वायू पेटवण्याची कल्पना इंजिनाहून जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आठव्या दशकात इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सान्द्रो व्होल्टा याने ज्वलनशील वायूने भरलेल्या बंद नळीत ठिणगी पाडून स्फोट घडवणारे ‘विद्युत पिस्तूल’ तयार केले होते. प्रत्यक्ष इंजिनात ही युक्ती उपयोगी पडली ती १८६० मध्ये, जेव्हा पॅरिस येथे एत्येन लेन्वार याने दिव्यांच्या वायूवर चालणाऱ्या आपल्या इंजिनाला विजेच्या वेटोळ्यातून मिळणाऱ्या ठिणगीची जोड दिली. लेन्वारच्या इंजिनात वायू पेटण्यापूर्वी दाबला जात नसे, त्यामुळे त्याच्या प्लगला सोसाव्या लागणाऱ्या दाबाची आणि उष्णतेची तुलना पुढच्या काळाशी करता येत नाही. तरीही ठिणगीची खात्री इतकी कमी होती की त्यानंतर कित्येक वर्षे गॉटलीब डाइमलरसारखे कुशल यंत्रकार बाहेरून बर्नरने तापवलेल्या नळीच्या साहाय्याने मिश्रण पेटवणेच पसंत करीत राहिले. १९०२ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या श्टुटगार्ट येथील कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो, म्हणजे चुंबकाच्या फिरण्यातून थेट ठिणगीपुरती वीज निर्माण करणारे यंत्र, आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला, तेव्हा तापवलेल्या नळीचे दिवस संपले.

अमेरिकेत या धंद्याची मुहूर्तमेढ रोवणाऱ्यांत आल्बेर शांपियाँ या फ्रेंच सायकलपटूचे नाव घ्यावे लागते. १८९९ ची पॅरिस–रूबे ही शर्यत जिंकलेला हा मनुष्य अमेरिकेत गेला, तेथे बॉस्टन शहरात त्याच्या नावाची प्लग विकणारी कंपनी उभी राहिली, आणि पुढे भागीदारांशी फारकत होऊन तो फ्लिंट येथे विल्यम ड्युरंट याच्या आश्रयाने नवा कारखाना काढून बसला. जुन्या भागीदारांकडे ‘चॅम्पियन’ हे नाव राहिले आणि त्याच्या नव्या कारखान्याने कालांतराने त्याच्याच नावाची आद्याक्षरे घेऊन ‘एसी’ हे नाव धारण केले. म्हणजे पुढची अनेक दशके अमेरिकी बाजारात एकमेकांशी झुंजणारे दोन मोठे प्लग एकाच माणसाच्या नावाचे होते, ही व्यापाराच्या इतिहासातील एक मौजेची गोष्ट आहे.

ठिणगी हाती आल्यावर उष्णतेचा प्रश्न पुढे आला, आणि तो प्रथम विद्युतरोधकाच्या रूपाने आला. मधल्या इलेक्ट्रोडभोवतीचा जो पांढरा भाग वीज बाहेरच्या धातूकडे निसटू देत नाही तो विद्युतरोधक, व्यवहारातला इन्सुलेटर, सुरुवातीला चिनी मातीचा असे. दिव्यांच्या तारांसाठी उत्तम ठरलेली ही माती इंजिनात मात्र तडकू लागली, कारण ती उष्णता मंदपणे वाहते आणि त्यामुळे तिचे टोक तापलेले व बूड थंड अशी अवस्था होऊन आतून ताण निर्माण होतो. शर्यतीच्या गाड्या आणि पाठोपाठ पहिल्या महायुद्धातली विमाने यांनी ही उणीव उघडी पाडली. तिच्यावरचा एक उपाय म्हणून अभ्रक पुढे आले. अभ्रकाचा पातळ पापुद्रा इलेक्ट्रोडभोवती गुंडाळायचा, त्यावर अभ्रकाच्याच शेकडो चकत्या ओवायच्या आणि त्या दाबून घट्ट करून घासायच्या, अशा कष्टाच्या पद्धतीने हे प्लग बनत; इंग्लंडमध्ये स्वतः शर्यतपटू असलेल्या केनेल्म ली गिनेस याच्या पटनी व्हेल येथील कारखान्याचे ‘केएलजी’ प्लग या प्रकारासाठी नावाजले गेले. त्या काळी जगाच्या बाजारात येणाऱ्या पत्री अभ्रकाचा फार मोठा हिस्सा हिंदुस्थानातून, विशेषतः हजारीबाग–कोडरमा पट्ट्यातून आणि नेल्लोर जिल्ह्यातून जात असे. मोटारींच्या आणि विमानांच्या इतिहासात हिंदुस्थान ग्राहक म्हणून येतो, कच्च्या मालाचा पुरवठादार म्हणून त्याची नोंद क्वचितच होते, म्हणून हा तपशील येथे मुद्दाम नोंदवला आहे.

अभ्रकाचे राज्य इंधनाने संपवले. १९२१ च्या अखेरीस थॉमस मिजली याला टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा गुण सापडला आणि १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये मिसळले जाऊ लागले. त्यामुळे इंजिनातील ‘खटखट’, म्हणजे ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील उरलेले मिश्रण दाबाने आणि उष्णतेने एकदम उडून जाण्याची क्रिया, आटोक्यात आली आणि अधिक दाबाची इंजिने बांधणे शक्य झाले. पण जळलेल्या शिशाची संयुगे अभ्रकावर साचून त्याला पोखरू लागली. उत्तर म्हणून ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी अतिशय उच्च तापमानाला भाजून तयार केलेला रोधक आला, ज्यात जर्मनीतील सीमेन्स कंपनीने १९३० च्या दशकात आघाडी घेतली होती. हा पदार्थ वीज अडवतो आणि तरीही चिनी मातीच्या कितीतरी पट वेगाने उष्णता वाहून नेतो. एकाच वस्तूत क्वचित आढळणाऱ्या या दोन गुणांच्या जोडीमुळे आजतागायत बहुतेक प्लगांचा पांढरा भाग याच पदार्थाचा असतो.

‘हीट रेंज’ ही संकल्पना याच काळात स्थिरावली, आणि नायट्रसच्या संदर्भात तिला पर्याय नाही, म्हणून ती नीट उलगडणे आवश्यक आहे. प्लगच्या रोधकाचे जे टोक ज्वाळेत असते त्याची उष्णता रोधकातून वर जाते, जेथे रोधक धातूच्या कवचाला टेकतो तेथे ती कवचात उतरते, आणि तेथून आट्यांमधून व बैठकीतून सिलिंडरच्या डोक्यात आणि शेवटी पाण्यात किंवा हवेत जाते. टोकापासून या टेकण्याच्या जागेपर्यंतचे अंतर लांब ठेवले तर उष्णता सावकाश निघते आणि टोक तापलेले राहते. असा प्लग ‘गरम’ म्हणवतो. अंतर आखूड केले तर टोक लवकर निवते आणि प्लग ‘थंड’ ठरतो. ठिणगीच्या उष्णतेशी या नावांचा काहीही संबंध नाही, जरी तसा समज गॅरेजांमध्ये अजूनही आढळतो. टोकाचे तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले तर त्यावर बसलेली काजळी जळून जात नाही, साचत जाते, आणि वीज फट ओलांडण्याऐवजी त्या काजळीवरून निसटते. ते ८५० अंशांच्या आसपास किंवा त्यावर गेले तर टोक स्वतःच निखाऱ्याप्रमाणे लाल होऊन ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण पेटवून देते. या दुसऱ्या दोषाला पूर्वप्रज्वलन म्हणतात. पूर्वप्रज्वलन आणि खटखट हे दोन वेगळे विकार आहेत, एक दुसऱ्याला जन्म देऊ शकत असला तरी त्यांची कारणे भिन्न आहेत, हे इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतरच्या संशोधनात स्पष्ट केले. पुढील काळातील नायट्रसप्रेमींनी जी अनेक पिस्टने वितळवली त्यांपैकी कित्येक रिकार्डोचा हा भेद ध्यानात घेतला असता तर वाचली असती.

आता दुसऱ्या पात्राकडे वळता येईल. नायट्रस ऑक्साइड जोसेफ प्रीस्टली याने १७७२ मध्ये प्रथम वेगळा केला. हम्फ्री डेव्ही याने ब्रिस्टल येथे तो स्वतः हुंगून त्याच्या परिणामांवर १८०० मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि १८४४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने त्याच्या गुंगीत स्वतःचा दात काढवून घेतला. वैद्यकातील हा इतिहास सुपरिचित आहे. यंत्रशास्त्राला महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के प्राणवायू असतो, तर नायट्रस ऑक्साइडमध्ये तो सुमारे ३६ टक्के असतो. हा वायू स्वतः जळत नाही, पण सिलिंडरमधील उष्णतेत त्याचे रेणू तुटतात, प्राणवायू मोकळा होतो आणि तुटण्याच्या क्रियेतूनही थोडी उष्णता बाहेर पडते. शिवाय सामान्य तापमानाला साधारण ५० पट वातावरणीय दाबाखाली तो द्रवरूपात बाटलीत भरता येतो, आणि सोडल्यावर उणे ८८ अंश सेल्सिअसला उकळत असल्याने सभोवतालची हवा एकदम गार करतो. गार हवा दाट असते, म्हणून सिलिंडरमध्ये ती अधिक मावते. या वाढीव प्राणवायूच्या प्रमाणात इंधनही वाढवले की इंजिन तेवढ्यापुरते मोठे झाल्यासारखे वागते.

या गुणाचा पद्धतशीर उपयोग दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने केला. ‘जीएम-१’ या नावाने ओळखली गेलेली ही योजना मेसरश्मिट १०९ च्या काही आवृत्त्यांत, युंकर्स ८८ एस या बाँबफेकी विमानात आणि युद्धाच्या अखेरीस फॉके-वुल्फ टीए १५२ एच या अत्युच्च पातळीवरच्या लढाऊ विमानात बसवली गेली. ब्रिटिशांनीही १९४४ मध्ये मॉस्किटो जातीच्या काही रात्रलढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनांना नायट्रसची जोड दिली. या प्रयोगांचे वर्णन करताना लोकप्रिय लेखनात जी एक बाब नेहमी वगळली जाते तीच प्लगच्या दृष्टीने निर्णायक आहे. समुद्रसपाटीपासून दहा किलोमीटर उंचीवर हवेची घनता जमिनीवरच्या घनतेच्या जेमतेम एकतृतीयांश उरते, आणि विशिष्ट उंचीनंतर विमानाचा सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा, ही तूट भरून काढू शकत नाही. जीएम-१ त्या उंचीच्या वरच वापरायचे होते. म्हणजे नायट्रसने इंजिनाला त्याने उंचीमुळे गमावलेला प्राणवायू परत मिळत असे, आणि सिलिंडरमधील दाब साधारणपणे इंजिनाच्या मूळ आराखड्यातील मर्यादेकडे परतत असे. खालच्या उंचीवर ताकद वाढवण्यासाठी जर्मनांनी मेथॅनॉल आणि पाणी फवारण्याची वेगळी योजना वापरली, जिचा मुख्य हेतू उष्णता आणि खटखट रोखणे हा होता. विमानाच्या प्लगने जे खाली सोसायचे ते त्याला वर सोसावे लागत होते, फारसे अधिक नाही. हीच बाटली जेव्हा जमिनीवर धावणाऱ्या मोटारीत आली तेव्हा हा हिशेब उलटला, कारण मोटारीच्या इंजिनाने काहीच गमावलेले नव्हते. जे मिळत होते ते सारे मूळ आराखड्याच्या वरचे होते.

युद्धानंतर अमेरिकेत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात, जुन्या गाड्या सुधारून त्या पाव मैलाच्या सरळ पट्ट्यावर पळवण्याचा छंद संघटित झाला आणि १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशनची स्थापना झाली. या वर्तुळात आधी नायट्रोमिथेन लोकप्रिय झाले, आणि नामसाधर्म्यामुळे आजही त्याची नायट्रसशी गल्लत होते. नायट्रोमिथेन हे स्वतः प्राणवायू बाळगणारे द्रव इंधन आहे, नायट्रस ऑक्साइड हे इंधन नव्हे. नायट्रोमिथेनवर पळणाऱ्या सर्वांत वेगवान गाड्यांत तर प्लगचे इलेक्ट्रोड शर्यत संपण्याआधीच झिजून जातात आणि उरलेले अंतर इंजिन केवळ दाबाच्या व तापलेल्या धातूच्या बळावर कापते. तेथे प्लग हे दर फेरीगणिक फेकून द्यायचे साहित्य असते. नायट्रसच्या गाडीला ही चैन परवडत नाही, कारण तीच गाडी बाटली बंद असताना बाजारातही न्यायची असते.

नायट्रसचा जमिनीवरचा प्रसार गुपचूप झाला. बाटली लपवता येत असल्याने नियम मोडण्याचे ते सोयीचे साधन होते, आणि १९७६ च्या डेटोना ५०० शर्यतीपूर्वीच्या पात्रता फेरीत ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांसारख्या नामांकित चालकांच्या वेळा याच कारणावरून रद्द झाल्या तेव्हा या गुपिताची वाच्यता झाली. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात माइक थर्मोस आणि डेल वाझ्नायन यांनी ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी काढून बाटली, विजेवर उघडणाऱ्या झडपा, आणि ठरावीक छिद्रांचे तोंड असलेल्या नळ्या असा संपूर्ण संच विकायला आरंभ केला. छिद्राच्या मापावरून वाढीव अश्वशक्ती ठरत असल्याने ‘शंभरचा शॉट’, ‘दीडशेचा शॉट’ ही भाषा रूढ झाली. २००१ मध्ये ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या चित्रपटाने निळ्या बाटलीला जगभर, आणि अर्थातच मुंबई–पुण्यातील महाविद्यालयीन मुलांतही, जे वलय मिळवून दिले ते पाहता त्याआधीची पंचवीस वर्षे ही गोष्ट काही मोजक्या जाणकारांपुरती होती हे खरे वाटत नाही.

संच घेणाऱ्या सामान्य गाडीमालकाच्या इंजिनात त्या वेळी कोणता प्लग होता, हा प्रश्न इतिहासकारांनी क्वचितच विचारला आहे. त्याचे उत्तर १९७० च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्यात सापडते. धूर कमी करण्यासाठी मिश्रणात इंधनाचे प्रमाण घटवले गेले. असे विरळ मिश्रण पेटायला कठीण असते, म्हणून मोठी ठिणगी लागते. आणि मोठ्या ठिणगीसाठी मोठी फट लागते. जनरल मोटर्सने १९७० च्या दशकाच्या मध्यास आणलेल्या उच्च-शक्ती प्रज्वलन पद्धतीत ही फट दीड मिलिमीटरपर्यंत आणि काही इंजिनांत त्याहूनही पुढे नेण्यात आली. त्याचबरोबर रोधकाचे टोक कवचाबाहेर काढून ज्वालाकक्षात पुढे आणलेले प्लग सार्वत्रिक झाले. हे पुढे आलेले टोक मंद गतीत तापून काजळी जाळते आणि वेगात आत येणाऱ्या गार मिश्रणाने निवते, त्यामुळे शहरातल्या रोजच्या वापराला ते अत्यंत सोयीचे असते. परंतु मधला इलेक्ट्रोड पुढे गेला की त्याच्यासमोर येण्यासाठी कवचाला जोडलेली वाकडी पट्टीही लांबवावी लागते. अशा रीतीने, नायट्रसचा संच खुल्या बाजारात आला नेमक्या त्याच वर्षांत गाड्यांमधले प्लग मोठ्या फटीचे, पुढे आलेल्या टोकाचे आणि लांब पट्टीचे झाले होते. एका कायद्याने आणि एका छंदाने परस्परांची दखलही न घेता इंजिनाला विरुद्ध दिशांनी ओढले.

या ओढाताणीत प्रथम शरणागती पत्करली ती फटीने. फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिले होते की वायूतून ठिणगी पडण्यासाठी लागणारा विजेचा दाब हा वायूचा दाब आणि फटीचे अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. नायट्रसमुळे सिलिंडरमधील मिश्रण दाट झाले की तीच फट ओलांडायला अधिक व्होल्ट लागतात; कॉइल तेवढे देऊ शकली नाही तर ठिणगी चुकते किंवा वायरीच्या आवरणातून भलतीकडे जाते. म्हणून अशा इंजिनात फट साधारण ०.७ ते ०.९ मिलिमीटरपर्यंत आणण्याचा संकेत पडला. दुसरा संकेत हीट रेंजचा. प्रत्येक ७५ ते १०० वाढीव अश्वशक्तीमागे प्लग एक पायरी थंड घ्यावा, असे उत्पादकच सुचवतात, आणि एका पायरीने टोकाचे तापमान सुमारे ७० ते १०० अंशांनी उतरते असा त्यांचा हिशेब आहे. इंजिनात नायट्रस येताना हवा गार होते हे खरे, पण तो गारवा ठिणगी पडण्यापूर्वीचा आहे. त्यानंतरच्या ज्वाळेत त्याचा मागमूस उरत नाही, म्हणून ‘नायट्रस थंड असतो, प्लग बदलायला नको’ हा युक्तिवाद टिकत नाही.

हे दोन्ही संकेत बरोबर असूनही अनेक इंजिने बाटली उघडताच काही सेकंदांनी अडखळत राहिली, आणि या विषयातील सर्वांत उपयुक्त ज्ञान त्या अडखळण्याच्या चिकित्सेतून निघाले. थंड प्लगमध्ये रोधकाची वाट आखूड केलेली असते, पण बाहेरच्या वाकड्या पट्टीची वाट त्याने बदलत नाही. पट्टीची उष्णता फक्त कवचाला जिथे ती जोडलेली आहे त्या एका टोकातून बाहेर पडते. पट्टी जितकी लांब आणि पातळ, तितके तिचे मोकळे टोक जास्त तापते. पुढे आलेल्या टोकाचा प्लग दोन पायऱ्या थंड घेतला तरी त्याची लांब पट्टी तशीच राहते, आणि नायट्रसच्या ज्वाळेत ती लाल होऊन स्वतःच मिश्रण पेटवू लागते. पहिल्या सेकंदाला इंजिन ठीक ओढते, पट्टी तापायला लागणारा वेळ गेला की बिघडते. चालकाला मात्र हा दोष प्रज्वलनाचा किंवा इंधनाचा वाटतो. याहून धोक्याची गोष्ट म्हणजे पुढे आलेल्या प्लगची फट कमी करण्यासाठी पट्टी वाकवली की तिचे टोक नको त्या कोनात झुकते आणि ठिणगी कडेवरून पडू लागते. म्हणून जाणकारांची निवड हळूहळू अशा प्लगवर स्थिरावली ज्याचे टोक कवचाच्या बरोबरीत असते, ज्याची पट्टी आखूड आणि जाड असते, आणि ज्याची फट मुळातच लहान ठेवण्यासाठी घडवलेली असते. शर्यतीचे लोक पट्टी कानशीने घासून इतकी मागे आणतात की ती मधल्या इलेक्ट्रोडचा अर्धाच भाग झाकते. हीट रेंजचा आकडा डब्यावर छापलेला असतो, पट्टीची लांबी छापलेली नसते, आणि म्हणूनच आकड्याला जे महत्त्व मिळाले ते पट्टीला मिळायला बराच काळ गेला, असे म्हणता येईल.

याचीच दुसरी बाजू मौल्यवान धातूंच्या प्लगची आहे. टिकाऊपणासाठी १९८० च्या दशकात प्लॅटिनमच्या आणि १९९० च्या दशकात इरिडियमच्या बारीक टोकांचे प्लग आले. निकेल सुमारे १४५५ अंशांना वितळते, प्लॅटिनम सुमारे १७६८ अंशांना आणि इरिडियम २४०० अंशांच्याही वर, तेव्हा कागदावर हेच प्लग नायट्रसला योग्य ठरायला हवेत. व्यवहारात जुन्या जाणत्यांनी साध्या निकेल मिश्रधातूचा, आत तांब्याचा गाभा असलेला प्लगच पसंत केला, कारण प्लॅटिनमची इवलीशी चकती जोडाशी सुटण्याची आणि बारीक टोक तापून राहण्याची भीती त्यांना वाटे, आणि साधा प्लग स्वस्त असल्याने वारंवार बदलता येत असे. इरिडियमबाबत मत पुढे मवाळ झाले आणि शर्यतीसाठी घडवलेले इरिडियमचे थंड प्लग आज सर्रास वापरले जातात. या वादात धातूपेक्षा आकाराचा वाटा मोठा होता, असेच मागे वळून पाहता दिसते.

निवड बरोबर आहे की नाही याचा निकाल प्लगच देतो, आणि तो वाचण्याची एक स्वतंत्र विद्या तयार झाली. पूर्ण जोरात धावणाऱ्या गाडीचे इंजिन त्याच क्षणी बंद करून ती निसटत थांबवायची आणि प्लग काढायचे, कारण मंद गतीत परत आणले तर वरची काजळी आधीच्या खुणा झाकून टाकते. पट्टीवर उष्णतेने धातूचा रंग जेथे बदललेला असतो ती रेघ पट्टीच्या मध्याजवळ असेल तर ठिणगीची वेळ साधारण योग्य मानतात. ती जोडाकडे सरकली असेल तर ठिणगी फार लवकर पडते आहे. नायट्रसचे मिश्रण वेगाने जळत असल्याने दर ५० अश्वशक्तीमागे ठिणगी एक ते दोन अंशांनी उशिरा पाडण्याचा जो प्रघात आहे, त्याची पडताळणी याच रेघेवरून होते. पांढऱ्या रोधकावर मिऱ्याच्या दाण्यासारखे काळे ठिपके किंवा चकाकणारे ॲल्युमिनियमचे कण दिसले तर खटखट सुरू झाली आहे, आणि ते कण पिस्टनचे आहेत.

महाराष्ट्राचा या विषयाशी आलेला संबंध बहुतांशी उलट टोकाचा आहे. बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘मिको’, १९५१ मध्ये स्थापन झाली आणि बॉशच्या सहकार्याने तिने देशातच प्लग तयार केले; आकुर्डीत बनणाऱ्या दोन-स्ट्रोक चेतक स्कूटरने ते घरोघरी नेले. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल जळून प्लगवर बसायचे, स्कूटर पावसाळ्यात हमखास अडून राहायची आणि मालक डिकीतला पाना काढून, प्लग पॉलिश पेपरने घासून, फूंक मारून परत बसवायचा. दोन पिढ्यांना ठाऊक असलेला प्लगचा हा विकार कमी तापण्याचा होता. जास्त तापण्याच्या विकाराची ओळख अलीकडची आहे, लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती होऊ लागल्यानंतर ती थोडी वाढली.

त्या जुन्या प्लगांवरील आकड्यांनी मात्र एक गोंधळ मागे ठेवला आहे. बॉशच्या जुन्या पद्धतीत, आणि म्हणून मिकोच्या डब्यांवरही, डब्ल्यू १४५, डब्ल्यू १७५, डब्ल्यू २२५ असे आकडे येत आणि आकडा मोठा म्हणजे प्लग थंड असा अर्थ होता. पुढे बॉशने हीच मोजणी उलटी करून एकअंकी आकडे आणले, ज्यांत डब्ल्यू १७५ च्या जागी डब्ल्यू ७ आणि डब्ल्यू २२५ च्या जागी डब्ल्यू ५ आले, म्हणजे आता आकडा मोठा तर प्लग गरम. चॅम्पियनची पद्धतही मोठ्या आकड्याला गरम मानणारी आहे. जपानमधील नागोया येथे १९३६ मध्ये स्थापन झालेल्या एनजीके कंपनीच्या पद्धतीत मोठा आकडा थंड प्लगचा असतो, आणि डेन्सोच्या पद्धतीतही तसेच आहे, पण डेन्सोचे आकडे वीस-बावीसच्या घरात फिरतात आणि एनजीकेचे सहा-सात-आठच्या. जगातील सर्व उत्पादकांनी मान्य केलेली एकच श्रेणी आजही अस्तित्वात नाही, त्यामुळे नायट्रसच्या गाडीसाठी ‘दोन पायऱ्या थंड’ प्लग मागणाऱ्याला दुकानदाराने कोणत्या दिशेने आकडा मोजला हे आधी विचारून घ्यावे लागते.